सही नको, सुपरवायझर हवा

प्रति,
नागपुरातल्या सामाजिक संस्थांचे सचिव, रुग्णालयांचे समाजसेवा विभाग आणि समाजकार्य महाविद्यालयांतले प्राध्यापक यांस,

विषय: दूरशिक्षणातून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्यांच्या क्षेत्रकार्याबाबत, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत करायच्या प्रत्यक्ष कामाबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी तुमच्यापैकी सहा जणांच्या दारात येऊन गेले. तुमच्या लक्षात असायचं कारण नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात प्रवेशाची पावती, बायोडेटा आणि अर्ज. अर्जात मोजून चार ओळी होत्या. मी इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) एमएसडब्ल्यू करते आहे, शनिवार आणि रविवारची सकाळ देऊ शकते, आपल्या संस्थेत क्षेत्रकार्यासाठी जागा मिळावी.

पहिल्या दारी "आम्ही रेग्युलरचेच विद्यार्थी घेतो" असं ऐकलं. दुसऱ्या दारी तेच, पण चहा पाजून. तिसरीकडे मेल करायला सांगितलं. तो केला, उत्तर अजून यायचं आहे. चौथीकडे इंटर्नशिपची फी सांगितली, ती माझ्या अर्ध्या पगाराएवढी होती. पाचव्या ठिकाणचे साहेब मात्र फार भले निघाले. त्यांनी फोल्डर उघडलं, शिक्का शाईच्या पॅडवर टेकवला आणि म्हणाले, "किती दिवसांच्या सह्या पाहिजेत? आजच सगळ्या करून घ्या ना बाई. काहून चकरा मारून राहिल्या पाण्यापावसात?"

नकार मी पचवले. त्या होकारानं मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सहाव्या दाराचं पुढे सांगते. हे पत्र लिहायची हिंमत तिथूनच आली.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी दिघोरीकडे राहते, वय ४२. उमरेडला बीए केलं, लग्न झालं, आणि गेली १२ वर्षं शहरातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या प्रकल्पांवर कंत्राटी काम करते. प्रकल्प बदलतात, बॅगेवरचा लोगो बदलतो, गल्ल्या त्याच राहतात. टेका नाका, पाचपावली, यशोधरानगर. कुठल्या घरचा कुत्रा बांधलेला नसतो, कुठल्या आजीला सकाळी दहाच्या आत हाक मारायची नाही, हे मला पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे समन्वयकाची जागा निघाली. पात्रता एमएसडब्ल्यू. त्या जागेवर २३ वर्षांची मुलगी आली, हुशार, मनमिळाऊ. पहिला महिनाभर मीच तिला वस्ती दाखवत फिरवलं. ती मला ताई म्हणायची आणि महिन्याच्या शेवटी माझ्या हजेरीवर सही करायची. तिचा राग आला असं नाही. पण त्या दिवाळीत मुलाच्या दहावीच्या पुस्तकांशेजारी बसून मी माझा प्रवेशाचा फॉर्म भरला.

नागपुरात समाजकार्याची कॉलेजं कमी नाहीत. संध्याकाळी भरणारंसुद्धा आहे. पण संध्याकाळी सहा ते नऊ हीच वस्तीतल्या बाया घरी सापडायची वेळ, म्हणजे माझी ड्युटी. दिवसाचं कॉलेज करायचं तर नोकरी सोडायची, आणि नोकरी सोडली तर फी कोण भरणार? उरलं दूरशिक्षण.

तुमच्यापैकी दोघांनी मला विचारलं होतं, "हे पत्राचारवालं एमएसडब्ल्यू खरं असतं का?" म्हणून सांगते. इग्नू हे संसदेच्या कायद्यानं १९८५ साली झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथल्या एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेची पदवी चालते. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षा. पुस्तकं ई-ज्ञानकोश या साइटवर कोणालाही फुकट वाचता येतात. बसमध्ये मोबाइलवर वाचून वाचून माझा चष्म्याचा नंबर वाढला तो भाग वेगळा. नागपूरचं प्रादेशिक केंद्र अमरावती रोडला आहे. आणि कागदाचं म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षण नियमावलीत स्वच्छ लिहिलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगानं जाहीर सूचना काढून ते पुन्हा सांगितलं. तरीही जाहिरातींमध्ये "फक्त रेग्युलर एमएसडब्ल्यू" हे शब्द दिसतातच. ते कोणत्या नियमानं घातले जातात, एकदा मलाही दाखवा.

पर्याय पुष्कळ आहेत असं वाटतं, पण पाहायला गेलं की ते गळत जातात. उत्तराखंडचं मुक्त विद्यापीठ, बंगालमधलं नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठ इथेही हा अभ्यासक्रम शिकवत आले आहेत. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्र काढता येत नाही. एखाद्या संस्थेला फ्रँचायझी देऊन पदवी वाटणंही नियमात बसत नाही. म्हणून "घरबसल्या एका वर्षात एमएसडब्ल्यू, फिल्डवर्कची कटकट नाही" असं सांगणारा एजंट भेटला की समजावं, तो पदवी नाही, कागद विकतो आहे. त्यांच्या नादी लागून पैसे घालवलेल्या दोन जणी माझ्याच ऑफिसात आहेत. २०२४ पासून दूरशिक्षणातल्या प्रवेशाला आयोगाच्या पोर्टलवरून डीईबी आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो. तो काढताना विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का हेही पोर्टलवर बघून घ्यावं, म्हणजे एजंटचं अर्धं बोलणं तिथेच संपतं.

भाषेचं दुखणं वेगळं. हा अभ्यासक्रम इंग्रजीत किंवा हिंदीत आहे. मी हिंदी घेतलं. वस्तीतली बाई म्हणते, "जीवच लागत नाही कशात." आता याचं हिंदी काय करू? "रुचि का अभाव" लिहिलं की त्यातून बाई निघून जाते. मराठीतून दूरशिक्षण चालतं हे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं १९८९ पासून दाखवून दिलं आहे. मग समाजकार्याची पुस्तकं तरी मराठीत का मिळू नयेत? समाजकार्य महाविद्यालयांतल्या सर-मॅडमनो, तुमच्याकडे वर्षानुवर्षांच्या मराठी नोट्स कपाटात पडून असतील. झेरॉक्सचे पैसे आम्ही देऊ.

पण पुस्तकांचं कसंही निभतं. अडतं ते क्षेत्रकार्याशी.

समाजकार्याचा विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस, साधारण पंधरा तास, एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत काम करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो रेकॉर्डिंग, म्हणजे त्या दिवसाच्या कामाची नोंद, लिहितो. सुपरवायझर ते वाचतो, आयसीमध्ये (एकट्याच्या बैठकीत) समोर बसवून विचारतो, जीसीमध्ये (गटाच्या बैठकीत) बाकीची मुलं त्याची पिसं काढतात. केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन हे शब्द पुस्तकातून कळतात. येतात ते या उलटतपासणीतून. इग्नूलाही हे ठाऊक आहे. एमएसडब्ल्यू-००५ हा आमचा अख्खा पेपरच प्रॅक्टिकम आणि सुपरव्हिजनवर आहे, दोन्ही वर्षांना क्षेत्रकार्याचं जर्नल आहे. डॉक्टरकी पोस्टानं शिकता येत नाही तसं हेही येत नाही, म्हणून पुस्तक दुरून आणि काम जवळून अशी ही रचना आहे. ते जवळचं काम द्यायचं कोणी? दिल्लीच्या मैदान गढीत बसलेलं विद्यापीठ यशोधरानगरात येऊन माझं रेकॉर्डिंग तपासू शकत नाही. ते तुम्हीच करू शकता.

आता सहावं दार. कामठी रोडच्या बाजूला एक लहानसा ट्रस्ट आहे, दोन खोल्यांचा. तिथे एक निवृत्त मॅडम बसतात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून त्यांची नोकरी झाली. त्यांनी फोल्डर उघडलंच नाही. म्हणाल्या, "शनिवारी या. वही आणा. सही शेवटी बघू."

पहिल्या महिन्यात मला एक केस मिळाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) टीबीची रुग्ण, तिशीतली, औषध मध्येच सोडलेलं. माझ्या हातचा मळ होता हा. १२ वर्षांत अशा किती बायांना परत औषधावर आणलं असेल. मी घरी गेले, वीस-पंचवीस मिनिटं बोलले आणि रेकॉर्डिंगमध्ये लिहिलं: "रुग्णाला औषधोपचाराचे महत्त्व समजावून सांगितले. रुग्णाने सहकार्य केले."

मॅडमनी लाल पेनानं "समजावून सांगितले" या शब्दांभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "ती काय बोलली?"

मला आठवेना. खरंच आठवेना. "हो" म्हणाली होती, एवढंच. मासिक अहवालात हेच वाक्य मी हजारदा तरी लिहिलं असेल आणि एकदाही कोणी त्यावर गोल काढला नव्हता. उलट असे वीस "समजावून सांगितले" जमले की टार्गेट पूर्ण व्हायचं.

पुढच्या शनिवारी परत गेले आणि या खेपेला तोंड बंद ठेवलं. फार अवघड असतं हो ते, विशेषतः ज्यांची नोकरीच बोलण्याची आहे त्यांना. दहा मिनिटांनी ती आपणहून बोलायला लागली. पहाटे पाचला ती कळमन्याकडे मिरचीची देठं खुडायला जाते. गोळ्या उपाशीपोटी घेऊन निघायची, तिथे मिरचीचा ठसका, त्यात मळमळ. दोनदा सगळ्यांसमोर उलटी झाली. मुकादम म्हणाला, आजारी असशील तर घरी राह्य. रोजी बुडाली तर खायचं काय, म्हणून तिनं गोळ्या बंद केल्या. औषधाचं महत्त्व तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिचा भाऊ याच आजारानं गेला होता.

मी विचारलं, पोषण आहाराचे पैसे मिळतात ना? टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ती म्हणाली, "येऊन राहिले का नाही, मला काय मालूम? पासबुक सासूपाशी आहे."

मी तावातावानं वही घेऊन मॅडमकडे आले. आता सासूकडून पासबुक काढून घेते, असा माझा पवित्रा. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पासबुक काढलंस. मग तू रिक्षात बसून दिघोरीला गेलीस. त्या रात्री त्या घरात काय होईल?"

मी गप्प. सुपरव्हिजन म्हणतात ते हे, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकात त्याची व्याख्या मी पाठ केली होती, परीक्षेत लिहूनही आले होते.

डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची वेळ बदलून घेतली, औषध पुन्हा सुरू झालं. पासबुकाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सासू म्हणते, त्या पैशातून सिलिंडर येतो, आणि ते खोटंही नाही. चार भेटी झाल्या. पाचवी होईल.

एक कबुलीही देऊन टाकते, नाहीतर मी फारच शहाणी वाटेन. यंदाच्या मे महिन्यात, आपलं नागपूरचं ऊन माहीतच आहे, मी दोन दिवस वस्तीत गेलेच नाही. घरी कूलरसमोर बसून दोन दिवसांचं रेकॉर्डिंग लिहून काढलं. १२ वर्षांचा अनुभव असल्यावर ते काही कठीण नसतं, अगदी खऱ्यासारखं जमतं. मॅडमनी वाचलं आणि सहज विचारलं, "रविवारी टँकर किती वाजता आला होता?" मला सांगता आलं नाही. त्यांनी दोन्ही पानांवर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली, आणि ते दोन दिवस मला जूनमध्ये भरून द्यावे लागले. ती रेघ मारलेली पानं जर्नलमध्ये तशीच आहेत. काढू का विचारलं तर "राहू दे" म्हणाल्या.

आता कळलं असेल की पाचव्या साहेबांच्या शिक्क्यानं माझी झोप का उडाली. त्यांच्याकडून सह्या घेतल्या असत्या तर मे महिन्यातलं ते खोटं माझं पूर्ण वर्षभर चाललं असतं, आणि पदवी हातात आल्यावरही मी "समजावून सांगितले" असंच लिहीत राहिले असते. फक्त पगार वाढला असता.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. संस्थेत चार माणसं, त्यांनाच सहा-सहा महिने मानधन नाही. रेग्युलर कॉलेजची मुलं तुकडीनं येतात, त्यांच्यामागे कॉलेजचे सुपरवायझर असतात, काही बिघडलं तर फोन करायला कोणीतरी असतं. दूरशिक्षणवाला एकटाच येतो, त्याच्या मागेपुढे कोणी नाही, आणि पूर्वीचा अनुभव असा की तो पहिल्या दिवशी पत्र घेऊन येतो आणि शेवटच्या दिवशी सही घ्यायला. मग तुम्ही दोनच गोष्टी करता. दार लावता किंवा शिक्का काढता. दोन्ही मागे कंटाळाच आहे आणि तो मला समजतो. रेग्युलरवाल्यांची सगळी रेकॉर्डिंग वस्तीतच लिहिली जातात असंही काही मी मानत नाही. लोकमान्य नगरच्या मेट्रोत बसून एकमेकांची वही उतरवणारी पोरं मी पाहिली आहेत. पण त्यांना निदान जीसीत कोणीतरी पकडू शकतं. आम्हाला पकडणारंच कोणी नाही.

कोणी असंही म्हणतं की समाजकार्याला पदवी कशाला लागते, बाबा आमट्यांकडे कुठे एमएसडब्ल्यू होतं? नव्हतंच, ते वकील होते. पण हे वाक्य मला नेहमी एमएसडब्ल्यू झालेली माणसंच ऐकवतात. जाहिरातीत ते लिहीत नाहीत. आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. कमलाताई होस्पेट यांनी नर्सिंगचं शिक्षण घेऊन १९२१ मध्ये मातृसेवा संघ उभा केला, आणि त्याच संस्थेनं १९५८ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली. मुंबईतही तेच. क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस चालवत होते, आणि त्या कामातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल निघालं. आजचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ते हेच. वस्ती आधी, वर्ग नंतर. माझ्यासारखीचं आयुष्य त्याच क्रमानं चाललं आहे, तर तिला दारात उभं करून "रेग्युलर का?" विचारणं मला जरा विचित्र वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुमच्यापैकी रुग्णालयांतल्या मंडळींनी तरी लक्ष द्यावं. २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले सोशल वर्करही आले आहेत. याच कायद्याच्या आधारानं अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारखे विषय दूरशिक्षणातून शिकवायला मनाई केली. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घबराट उडाली. आपला अभ्यासक्रमही उद्या बंद झाला तर? मी रडगाणं गायला हे सांगत नाही. पण कोणी उद्या म्हणालं की दूरशिक्षणातलं क्षेत्रकार्य हा नुसता कागदी खेळ आहे, तर त्याला दाखवायला आपल्याकडे काय आहे? तुमचे शिक्के? तो माणूस तेच शिक्के पुरावा म्हणून पुढे ठेवील. माझी रेघ मारलेली दोन पानं मात्र मी त्याला खुशाल दाखवीन.

तर मागणं असं. तुमच्या संस्थेत दरवर्षी दोन जागा दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवा. फार नाही, दोनच. वेळ शनिवार-रविवारची किंवा सकाळी सात ते दहाची असू द्या; आमच्यातले बहुतेक नोकरी करणारे आहेत, आणि उन्हाळ्यात नाहीतरी दहानंतर वस्तीत कोण उभं करतं? घेण्याआधी मुलाखत घ्या, अर्धे जण गळू द्या. घेतलं की पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास का होईना, समोर बसवा आणि वही वाचा. वाचायला वेळ नसेल तर आम्हाला घेऊ नका, त्याचं वाईट वाटणार नाही. आणि न वाचता सही कोणाला देऊ नका, तो कितीही गयावया करू दे, मी केली तरी.

प्राध्यापकांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या कॉलेजात महिन्यातून एखादी जीसी शनिवारी दुपारी ठेवता आली तर आम्हाला मागच्या बाकावर बसू द्या. मार्क नकोत, हजेरी नको. माझी केस मी तुमच्या विद्यार्थ्यांसमोर मांडीन आणि त्यांनी ती फाडावी. बदल्यात त्यांना पाचपावलीच्या गल्ल्या मी दाखवते, त्या कामात माझा हात कोणी धरणार नाही. तुमच्यातले जे निवृत्त झाले आहेत त्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. निवृत्त अधीक्षक, निवृत्त सुपरवायझर या शहरात पुष्कळ आहेत. सकाळी अंबाझरीला फिरायला दिसतात. एका मॅडमनी माझं वर्ष वाचवलं. अशा आणखी दहा मॅडम आणि दोन-चार सर निघाले तर नागपुरातल्या दूरशिक्षणाच्या मुलांचं काम भागेल.

मुलं म्हणते आहे खरी, पण रविवारच्या समुपदेशन वर्गात आमच्या बाकावर कोण कोण बसतं ते ऐका. कामठीकडची एक गटप्रवर्तक आहे, तिच्या हाताखाली वीसेक आशा आहेत. एक महिला पोलीस शिपाई आहे. तिला बालकांच्या केसेसमध्ये काम करायचं आहे, कारण ठाण्यात आणलेल्या पोराला कसं बोलतं करायचं हे कोणी शिकवत नाही म्हणते. पारशिवनीचा एक शिक्षक आहे, तो दर रविवारी पहाटेची एसटी पकडून येतो आणि वर्गात डुलक्या काढतो, पण त्याच्या गावातल्या गोंडी बोलणाऱ्या पोरांच्या गळतीबद्दल बोलायला लागला की सगळे वही काढतात. एक जण बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टला आहे. त्याला वेल्फेअर ऑफिसर व्हायचं आहे. या चौघांच्या फोल्डरमध्ये या घडीला प्लेसमेंटचं पत्र आहे, खाली नाव टाकायची जागा कोरी आहे. त्या शिपाईबाईला एका ठिकाणी सह्या मिळत होत्या. मी तिला सहाव्या दाराची गोष्ट सांगितली आणि तिनं त्या घेतल्या नाहीत. म्हणजे तिचं सत्र आता माझ्या जिवावर अडलं आहे, हेही या पत्रामागचं एक कारण समजा.

मॅडमकडे जागा नाही. त्या आता ७० च्या पुढे आहेत आणि एका वेळी दोघींपेक्षा जास्त वह्या वाचणार नाही म्हणतात.

माझं दुसरं वर्ष सुरू होतं आहे. मला या वर्षी रुग्णालयात काम करायचं आहे, टीबी किंवा मनोविकार, जिथे घ्याल तिथे. येत्या शनिवारपासून मी पुन्हा फिरणार आहे, सकाळी आठ ते अकरा. बर्डीपासून सुरुवात करीन. सोबत शिपाईबाई असेल, तिची ड्युटी दुपारची आहे. तिला गणवेशात पाहून घाबरू नका.

आपली नम्र,
दूरशिक्षणातली एक विद्यार्थिनी
दिघोरी, नागपूर